ओटीवरचं बाकडं

आमच्या पनवेलच्या घराच्या ओटीवर एक लांब बाकडं होतं. आमचे हे वकील, त्यामुळे सकाळपासून त्यावर पक्षकार बसलेले. गव्हाण गावचा एकजण तर थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचा. थंडीत मडक्यात भाजलेले पोपटीचे वाल आणायचा आणि ओरडायचा, "वैनी, चाय टाक. ए वकिला, आदी माझा आयक." ह्यांना एकेरी बोलणारा तेवढा तोच. हे म्हणायचे, "कोर्टात तोंड उघडलंस तर मीच तुला आत टाकीन."

मग ह्यांना राज्यपाल केलं. पक्षाचं काम केलं होतं, कायदा येत होता, दिल्लीहून बोलावणं आलं. लांबच्या मुलखातलं ते राजभवन, केवढाले दिवाणखाने, पण ह्यांच्याशी वाद घालायला माणूस नाही. जेवताना म्हणायचे, "अगं, इथं माझं बोलणं कुणी खोडतच नाही."

पुढे दिल्लीतलं सरकार बदललं, राजीनामा मागितला, आम्ही परत आलो. मला वाटलं, आता हे खचतील. कुठलं काय, आल्या आल्या वकिलीचा काळा कोट उन्हात टाकला, बाकडं पुसून घेतलं. पुन्हा वकिली करायची होती ना.

पण कुणी आलंच नाही बघा. रस्त्यात लोक नमस्कार करायचे आणि बाजूला व्हायचे. हे आंघोळ करून ओटीवर बसत. पेपर संपला की पुन्हा पहिल्या पानापासून.

एका सकाळी गव्हाणवाला आला. हे तर उठून उभेच राहिले. त्याने चपला फाटकाबाहेर काढल्या. हातात देवळाच्या कलशाची पत्रिका.

"साहेब, कार्यक्रमाला तुमी यायला पायजे."

"येईन की. पण तुझ्या बांधाच्या भांडणाचं काय? भाऊ कोर्टात गेलाय म्हणे."

"हाय चालू. कोर्टाजवळ बसतो त्या नव्या वकिलाला दिलीय केस."

"त्याला? का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "जज वर बसनार आन तुमी खाली उभं राहून त्याच्यापुढं मान वाकवनार, आमच्या एका बांधासाठी? नाय साहेब. आमाला बरा नाय वाटत."

ह्यांनी बाकड्यावर सरकून जागा केली. "बस. नुसतं सांग तरी, बांध कुठून सरकवलाय."

त्याने सांगितलं सगळं, पण उभ्यानेच. चहासुद्धा उभ्यानेच घेतला.

दुपारी मी कोटाच्या खिशात डांबराच्या गोळ्या घातल्या आणि तो ट्रंकेत ठेवला. ह्यांनी बघितलं. नको म्हणाले नाहीत.