रुखवतावर उतरलेला ड्रोन

आमच्या प्रियंकाच्या रुखवतावर आभाळातून हल्ला झाला आणि तो तिच्या बापानं केला. तो बाप मी.

नवरीचा मांडवात प्रवेश ड्रोननं टिपावा, ही पोरीची हौस. "त्याला बाहेरचा माणूस कशाला? मीच उडवतो की!" असं मी बोलून गेलो. (कुठं गप्प बसावं, हे मला पन्नाशी उलटली तरी कळलेलं नाही.)

एक लहानसा ड्रोन आणला. स्वभावानं मी भित्रा, त्यामुळं नियम तोंडपाठ केले. माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. नजरेआड होऊ द्यायचा नाही. वारं असलं तर उडवायचाच नाही. आष्टीच्या कडेला आमचं घर आणि घरामागं बाबुरावांचं मोकळं रान. तिथं रोज सकाळी मी ड्रोन कमरेएवढा वर नेई आणि घामाघूम होऊन खाली आणी. मग डोक्याएवढा. मग कडुलिंबाएवढा. आत्मविश्वास वाढत गेला. घात झाला तो तिथंच!

माझी थोरली बहीण, आक्का, उमापूरहून खास रुखवतासाठी आलेली. गुडघे धरलेले असताना भाचीसाठी तिनं ताटाएवढ्या कुरडया घातल्या आणि पानासारखे पातळ पापड लाटले. "कड्याच्या पाव्हण्यांनी तोंडात बोट घालाय पायजे!" हा तिचा पण; कडा हे पोरीचं होणारं सासर. वाळवण रोज संध्याकाळी घरात येई आणि सकाळी पुन्हा गच्चीवर जाई.

त्या सकाळी गच्ची रिकामी दिसली, म्हणून मी ड्रोन पहिल्यांदाच तिथून उडवला. तो रानाकडं निघाला. नजरेआड होऊ द्यायचा नाही ना! मीही रिमोट घेऊन जिना उतरलो आणि त्याच्यामागं रानात गेलो.

रानात बाबुराव शेळ्या चारत होते. ड्रोननं घरं हेरून चोर येतात, अशी आवई तालुक्यात उठलेलीच होती. त्यांनी वर पाहिलं आणि गोफण काढली!

"कोन हाय बे? दिवसाढवळ्या घरं हेरायलास व्हय?"

सूं करून दगड ड्रोनच्या बाजूनं गेला.

"बाबुराव, मारू नका! माझाच हाय!"

"तुमचा?" बाबुराव थक्क झाले. "गुरुजी, तुमी चोरात कवापासून?"

ते दुसरा दगड लावू लागले. घाबरून मी 'घरी परत' हे बटण दाबलं. ड्रोन शहाण्या लेकरासारखा वळला आणि घराकडं निघाला. माझा जीव भांड्यात पडला.

"बघा बाबुराव, जिथून उठला तिथंच बरोबर उतरतो. एक वीत इकडं न्हाई की तिकडं!"

मोठ्या ऐटीत मी रिमोटवर लावलेल्या मोबाईलचा पडदा त्यांच्यापुढं धरला. पडद्यावर आमची गच्ची दिसली. मग गच्चीवर पांढरे गोल दिसले. मग त्या गोलांच्या मधोमध, डोईवर पदर घेतलेली, वर बघणारी आक्का दिसली!

थांबवायचं बटण होतं. तेही पाठ होतं! पण त्या घडीला स्वतःचं नावसुद्धा आठवेना. "आक्का! पळ!" एवढंच ओरडलो.

आक्का पळणाऱ्यातली नव्हे. कावळे हाकायची काठी तिच्या हातातच होती. ड्रोन खाली येताच त्याच्या पात्यांच्या वाऱ्यानं पापड उडाले, ते कठड्यावरून खाली आले. वाळवणाखाली अंथरलेल्या लुगड्याचं टोक पात्यांत गुंतलं, लुगडं उचललं गेलं आणि त्यावरच्या कुरडया ताशासारख्या कडकडल्या. मग आक्काची काठी पडली. पडद्यावर अंधार.

धावत गच्चीवर पोचलो. माझी बायको सुमन तोंडाला पदर लावून उभी. खाली बाबुरावांच्या शेळ्या पापडांवर तुटून पडलेल्या. आक्का भुग्यात बसलेली, मांडीवर एकच धड कुरडई.

"आक्का, लागलं का गं?"

ती भुगा पदरात गोळा करू लागली. मला शिव्यांची सवय होती, हे मात्र बघवेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता रडतूस कावून?" ती म्हणाली. "गहू भिजाय घाल. आन् चीक निघाला की सोऱ्या तू फिरवायचा."

फिरवला! तळहाताला फोड आले, पण लग्नाआधी कुरडया पुन्हा वाळल्या.

लग्नात रुखवत मांडलं. कुरडयांचा मनोरा बघून विहीणबाईंनी खरंच तोंडात बोट घातलं. मग त्यांची नजर कडेला गेली. लोकरीच्या तोरणाशेजारी, लाल कापडावर, हळदकुंकू वाहिलेला माझा ड्रोन!

"आन् हे काय हो?"

"आमच्या दिलीपच्या हातचं काम," माझ्याकडं बोट दाखवत आक्का म्हणाली.

"पण हे तर मोडलेलं हाय!"

"तेच तर त्याच्या हातचं काम!"

रिवाजाप्रमाणं सगळं रुखवत टेम्पोत भरून कड्याला गेलं, ड्रोनसकट. संध्याकाळी प्रियंकाचा फोन आला, "पप्पा, ड्रोन सुखरूप पोचला." एवढ्या लांब, कुठंही न धडकता, कुणाचंही नुकसान न करता माझा ड्रोन गेला ती ही एकच खेप. रिमोट माझ्याकडंच राहिला होता, म्हणून!