मावशीचं शंकानिरसन

माझ्या मावशीइतकी निराश बाई शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरी नसेल. आंब्याला मोहोर आला की ती मान वर करून म्हणायची, "टिकतोय कुठे!" मी दहावी पास झालो तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, तिनेही खाल्ला, आणि बोटं पुसत म्हणाली, "झालास ना पास? आता खरं कठीण सुरू होतं." लग्नात नवरानवरी पाया पडायला वाकली की ही आशीर्वाद द्यायची, "सांभाळून घ्या रे एकमेकांना, नाही तर काही खरं नाही." टोकावड्याला बहिणीकडे जायचं तरी पिशवीत बॅटरी, चादर आणि चार भाकऱ्या असत. एसटी वाटेत बंद पडणार याबद्दल तिला शंकाच नसे. आणि एसटी बंद पडायचीही, त्यामुळे आम्हाला तिच्याशी वाद घालता येत नसे.

अशा बाईला लोकांची काळजी दूर करायच्या कामावर कोणी नेमावं? पण नेमलं. हायवेलगत नवं शहर वसणार आणि तिथून मुरबाडच्या अंगाला ट्राम जाणार, असं ठरत होतं. ट्राम म्हणजे काय ते इथे कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे छोटी रेल्वे, कोणी म्हणे रुळावरची एसटी. गावोगाव कुरबुर सुरू झाली, तेव्हा प्रकल्पवाल्यांनी "शंकानिरसन" करायला ओळखीचं माणूस शोधलं. मावशी अंगणवाडीतून निवृत्त झालेली. वाड्या-पाड्यांवरची निम्मी तरुण पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन वाढलेली. तिच्याहून ओळखीचं कोण असणार?

पहिल्या सभेला मीच तिला मोटरसायकलवरून नेलं. समाजमंदिरात प्रकल्पाच्या साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "आवाज व्हईल का जास्त?" साहेब हसून म्हणाले, "अजिबात नाही." तशी मावशी उठली. "होईल हो. सवय होईपर्यंत झोप लागायची नाही." कोणी गुरांचं विचारलं. साहेबांनी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "मोकळी सोडलीत तर मरतील. बांधून ठेवा." साहेबांनी घाम पुसला. मला वाटलं, गेली हिची नोकरी. पण मागून एक बाई बोलली, "ही बाय खोटा नाय बोलनार." त्यानंतर लोक साहेबांकडे बघेचनात. प्रश्न आला की माना मावशीकडे वळायच्या. साहेब हुशार निघाले; त्यांनी तिला ठेवून घेतलं.

एका पाड्यावर मात्र गाडी अडली. घरं वर, पाण्याची विहीर खाली ओढ्यालगत, आणि ट्रामचं कुंपण बरोबर मधून जाणार होतं. बुधीआजी नावाची तिथली म्हातारी सभेत उभी राहिली. "बाय, मंग आमी पान्याला जायाचा कुठशी?" मावशीने नेहमीसारखं वाईट उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवसापासून ती ठाणे शहरातल्या प्रकल्पाच्या कचेरीत जाऊन बसू लागली. डबा घेऊन जायची आणि बाकावर बसून राहायची. शेवटी साहेबांनी तिच्यासमोर नकाशावर भुयारी वाट आखून दिली. मावशी पाड्यावर परतली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वाट होईल. मी सांगते." मी बाजूलाच होतो. तिच्या तोंडून "होईल" हा शब्द चांगल्या गोष्टीसाठी मी पहिल्यांदा ऐकला. बायका हसल्या, कोणीतरी तिला चहा दिला, आणि ती तो थंड झाल्याची तक्रार न करता प्यायली.

कुंपण आलं. सिमेंटचे खांब, काटेरी तारा. मग नवा नकाशा आला, त्यात भुयारी वाट नव्हती. मावशी कचेरीत गेली तर साहेब बदलून गेलेले. आणि पुढे ट्रामच गुंडाळली गेली. का, ते कोणी सांगितलं नाही. रूळ आले नाहीत, कुंपण काढायलाही कोणी आलं नाही. बायका कुंपणातल्या लांबच्या फाटकापर्यंत वळसा घालून पाणी आणू लागल्या.

मावशीने पाड्यावर जाणंच सोडलं. आता ती मोहोराकडे बघतही नाही. लग्नात "सुखी राहा" म्हणते. मी किती वेळा मुद्दाम म्हणतो, "मावशी, यंदा भात मस्त आलाय." ती म्हणते, "हो ना."

एका बाजाराच्या दिवशी बुधीआजी शहापूरला आली आणि थेट आमच्या ओट्यावर येऊन बसली. मावशी आतून बाहेर येईना. आजी दाराकडे तोंड करून म्हणाली, "अगो, तुज्यावर कोन रागावलाय? साहेब लोकांना इचारलाव काय आमी, का नाय येत म्हनून? तुलाच इचारताव. तू ये."

तेव्हापासून मावशी अधूनमधून पाड्यावर जाते. मी सोडायला जातो. ती कंबरेवर हंडा घेऊन बायकांबरोबर तो लांबचा वळसा चालते. गुडघे दुखतात, तरी ऐकत नाही. परवा पाणी घेऊन परतताना फाटकाशी तिचा पाय घसरला आणि अर्ध्याहून जास्त पाणी मातीत गेलं. ती तशीच उभी राहिली, ओल्या मातीकडे बघत. बुधीआजीने आपला हंडा कलता केला, थोडं पाणी मावशीच्या हंड्यात ओतलं, आणि दोघी पुन्हा कुंपणाच्या कडेने चालू लागल्या.