प्रस्ताव मी लिहिला

“इसको फील्ड में भेजेंगे. इसके अपने लोग हैं, खुलके बोलेंगे.”

राऊ गावाजवळच्या शेव-नमकीनच्या कारखान्यात आमच्या कॉलेजातले सर मालकांना हे सांगत होते. मी त्यांच्या खुर्चीमागे बसले होते. सरांची आणि माझी पीएच.डी. एकाच विद्यापीठाची. पण इतरांना अहो, मला अगं. कॉलेजात रुजू झाले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव. महू म्हटल्यावर म्हणाले, “अच्छा.” त्या एका शब्दात माझं अख्खं खानदान मोजून झालं.

पॅकिंगचे कामगार दोन-तीन महिन्यांत काम सोडतात. का, ते मालकांना समजून घ्यायचं होतं. अभ्यासाचा खर्च तेच करणार होते. सरांनी चाळीस पानी प्रस्ताव पाठवला. त्यात सगळे परदेशी सिद्धांत होते, मालकांचा प्रश्न तेवढा नव्हता. तो परत आला. मग सर मला म्हणाले, जरा भाषा बघ.

मी भाषा बघितली नाही. चार दिवस शिफ्ट सुटताना गेटवर उभी राहिले, बायकांशी बोलले आणि दोन पानं नव्यानं लिहिली. मालकांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, आणि उत्तर मिळाल्यावर त्यांना काय ठरवता येईल, ते. बोलावणं आलं. प्रस्तावावर नाव सरांचं. माझं तळाशी, ‘सहकार्य’ म्हणून.

बैठकीची रीत ठरलेली. अडचणीचा प्रश्न आला की सर हात मागे करत, मी त्यात उत्तराची चिठ्ठी ठेवायची.

मालकांनी विचारलं, “छह महीने की स्टडी के बाद मैं यहां क्या बदलूंगा, डॉक्टर साब?”

हात मागे आला. गोरा, अंगठीवाला, निर्धास्त. चिठ्ठी माझ्या मुठीत होती. मी ती पर्समध्ये टाकली. सरांची बोटं दोनदा हलली.

“जवाब मैं दूंगी. प्रस्ताव मैंने लिखा है,” मी म्हणाले. “पगार बढ़ाना है, या शिफ्ट की लिस्ट एक दिन पहले लगानी है, ये आप तय कर पाएंगे. अभी औरतों को सुबह गेट पे पता चलता है.”

मालक सरांकडे बघत म्हणाले, “भिया, ये तो पहले पन्ने पे लिखा है. आपने पढ़ा नहीं?”

ज्या कागदावर सही केली, तो विद्वानांनी वाचला नव्हता.

परतताना गाडी भंवरकुआं चौकात आली. सर म्हणाले, “माफीचं पत्र दे. तळाचं नाव तरी राहील.”

मी पत्र लिहिलं. मालकांना, प्रत कॉलेजच्या डायरेक्टरना. प्रस्ताव माझा आहे. अभ्यासाची प्रमुख मी असेन, नाहीतर त्यातला एक शब्दही वापरायचा नाही.

कॉलेजनं कारणे दाखवा नोटीस दिली आहे. माफी मागणार नाही. नोकरी गेली तर जाईल. प्रस्ताव मला लिहिता येतो.