कहकशाँच्या चौकशा

कहकशाँला लहानपणापासून एकच खोड. समोर माणूस आला की त्याची चौकशी केल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. अकोल्यात तिच्या अब्बांचं, अब्दुल गफ्फारांचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मशीन घेऊन आलेल्या बाईला अब्बा मशीनचं दुखणं विचारायचे आणि ही पोट्टी बाईचं. कोणाच्या सासऱ्याचा मोतीबिंदू पिकला, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळी खबर हिच्याकडे. आईनं, म्हणजे कुलसुमबीनं, किती वेळा कान पिळला असेल त्याचा हिशेब नाही. नातेवाइकांत तर बोभाटा झाला होता की एवढ्या तोंडाळ पोरीला स्थळ मिळायचं कठीण. मिळो न मिळो, कहकशाँला त्याची काडीचीही फिकीर नव्हती.

बी.कॉम. झाल्यावर ती अमरावतीत पियुषच्या कंपनीत लागली. कंपनी म्हणजे काय, राजापेठेत झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक पियुष, प्रोग्राम लिहिणारी अपेक्षा, आणखी दोघं-तिघं आणि फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायला कहकशाँ. दवाखान्यात नंबर लावायचं सॉफ्टवेअर ते बनवत. आपल्याकडे दवाखान्यात पहाटेच चपला, पाण्याच्या बाटल्या, नाहीतर दगड ओळीनं मांडून नंबर लावतात, हे काही नवीन सांगायला नको. यांच्या सॉफ्टवेअरात एक मिस्ड कॉल दिला की नंबर लागे, मोबाइलवर त्याची लिंक येई आणि दवाखान्यातल्या पडद्यावर तो दिसे. नावही साधंच ठेवलेलं, 'नंबर लावा'.

त्यात एक बटन होतं, 'पुढं जाऊ द्या'. ते कहकशाँनं भांडून टाकायला लावलं होतं. तुमचा नंबर आहे, पण मागच्याचं दुखणं मोठं दिसतंय, तर फोनवर ते बटन दाबायचं आणि त्याचा नंबर आपल्या आधी घ्यायचा. कंपाउंडरला विचारायला नको, डॉक्टरला सांगायला नको.

या बटनामागं कारण होतं. बार्शीटाकळीला मामाच्या घरी लग्नाला गेले असताना कुलसुमबीला दम्याचा जोराचा झटका आला. दवाखाना गच्च भरलेला. कहकशाँ रडत दारातच उभी राहिली, तेव्हा जमुना नावाची एक शेतकरी बाई, स्वतःच्या पायाला चिंध्या बांधलेल्या, बाकावरून सरकून म्हणाली, "काय झालं वो तुमच्या मायले?" उत्तर पुरतं ऐकलंही नाही आणि तिनं सगळ्या लाइनीला आवाज दिला, "जाऊ द्या रे तिले आधी." लाइन बाजूला झाली. थोडा उशीर झाला असता तर कुलसुमबी हाती लागली नसती, असं डॉक्टर नंतर बोलले. तेव्हापासून कहकशाँसाठी ते बटन म्हणजे जीव की प्राण.

पियुषला मात्र ते डोळ्यात खुपायचं. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला मोठी हॉस्पिटलं हवी होती. मोठी हॉस्पिटलं म्हणणार, नंबर म्हणजे नंबर, लोकांना मध्येच हलवता येतो तो कसला नंबर? विशाखापट्टणमला सॉफ्टवेअरवाल्यांची मोठी कॉन्फरन्स होती, छोट्या कंपन्यांची स्पर्धाही होती तिथं. निघायच्या आधी त्यानं कहकशाँला साफ सांगितलं, "तिथं तुयं बटन चाललं तं चाललं. नाई चाललं तं वापस आल्यावर मी ते काढून टाकीन. मंग मले म्हनू नको." कहकशाँ म्हणाली, ठीक आहे. आपल्या शब्दाला कंपनीत किती किंमत आहे, ते आता ठरणार होतं.

नागपूरला गाडी बदलून पियुष, अपेक्षा आणि कहकशाँ तिघं गेले. अपेक्षानं स्टेशनवरून थेट समुद्र गाठला आणि पाणी खारट आहे का ते जिभेला लावून बघितलं. आहे म्हणाली, जशी काही शंका होती. हवा अशी दमट की अंगावरचा कपडा वाळेना. आपल्या वऱ्हाडात ऊन भाजून काढतं, पण असं चिकटत तरी नाही, म्हणून पियुष कुरकुरत राहिला.

कॉन्फरन्सचा हॉल म्हणजे काय थाट. सगळीकडे काचा, थंडगार हवा आणि गळ्यात पट्टे घातलेली माणसं. एका कोपऱ्यात किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटल समूहानं मोफत बीपी-शुगर तपासणीचा स्टॉल लावला होता आणि त्यापुढं मारुतीच्या शेपटीसारखी लाइन. त्या हॉस्पिटलांच्या प्रमुख डॉक्टरबाईच स्पर्धेच्या परीक्षक होत्या. पियुषनं लॅपटॉप उघडला, चार वाक्यं बोलला, तर बाईंनी हात वर केला. बोलून दाखवू नका, म्हणाल्या, माझ्या स्टॉलची ही लाइन चालवून दाखवा. मी जेवणाच्या आधी येऊन बघते.

झालं. पडदा लागला, लोकांनी मिस्ड कॉल दिले, नंबर पडले. लाइन सुरळीत सरकायला लागली, पियुष खूश. कहकशाँची नजर मात्र बटन किती जणांनी दाबलं त्या आकड्यावर. तो आकडा शून्य. बराच वेळ गेला, शून्यच. एकानंही 'पुढं जाऊ द्या' दाबलं नव्हतं.

पियुषनं अपेक्षाच्या कानाशी लागून सांगितलं की बाई यायच्या आत ते बटन काढून टाक, उगाच शोभा नको. अपेक्षानं कहकशाँकडं बघितलं. कहकशाँ अजून त्या शून्याकडेच बघत होती. या शहरातली माणसं दगडाची आहेत की काय, असं तिला वाटलं, आणि रागही आला, आणि त्याहून जास्त आपलीच लाज वाटली. एवढ्या दूर येऊन आपण हरलो.

मग तिनं लाइनीकडं नीट बघितलं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाची मान मोबाइलमध्ये, प्रत्येकाच्या कानात इअरफोनची बोंडं. बार्शीटाकळीच्या दवाखान्यात बाकावर टेकायच्या आत शेजारची बाई विचारते, कुठल्या तुम्ही, काय होतंय, जेवलात का, पोरं किती. तासाभरात तुमच्या मूळव्याधीपर्यंतची बातमी सगळ्या व्हरांड्याला ठाऊक. तिथं बटन चालतं, कारण तिथं लोकांना एकमेकांचं दुखणं माहीत असतं. इथं मागच्याला काय होतंय हे पुढच्याला ठाऊकच नाही, तर तो बटन दाबेल कशाला? आपण बटन आणलं आणि चौकशा घरीच विसरून आलो.

तिनं ओढणी खोचली आणि सरळ लाइनीत शिरली. पियुष "काय करून राहिली तू?" म्हणेपर्यंत ती लाइनीच्या शेवटी पोचली होती. तिथं एक वयस्क गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. कहकशाँनं आपल्या अकोली हिंदीत विचारलं, "चाचा, सुबह से कुछ खाया क्या?" चाचांनी मान हलवली. शुगर तपासायची म्हणून उपाशीपोटी आले होते आणि सकाळपासून उभेच होते. हात थरथरत होते.

तिनं पुढच्याच पोराच्या खांद्याला हात लावला. तो दचकला, कानातलं बोंड काढलं. यांची शुगर उतरून राहिली आहे, ती म्हणाली. पोरगा गोंधळला, आता मी काय करू म्हणाला. तिनं त्याच्याच मोबाइलवर बटन दाखवलं. त्यानं दाबलं. पडद्यावर चाचांचा नंबर वर सरकला. त्याच्या पुढच्या बाईनं ते बघितलं, काय झालं विचारलं, आणि तिनंही दाबलं. मग तिच्या पुढच्यानं, मग त्याच्याही पुढच्यानं.

कहकशाँ थांबली नाही. कडेवर बाळ असलेल्या बाईला विचारलं, काठी टेकलेल्याला विचारलं, उगाचच हसणाऱ्या दोन पोरींना विचारलं की तुम्हाला काहीच झालेलं नाही ना, मग कशाला उभ्या आहात? त्या खरंच निघून गेल्या. हळूहळू तिचं काम संपत आलं, कारण लोकच एकमेकांना विचारायला लागले. सगळं तेलुगूत. कहकशाँला एक अक्षर कळत नव्हतं, पण हा गलका ती जन्मापासून ओळखत होती. तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं आणि डोळे भरून आले.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा स्टॉलपुढं बाजार भरल्यासारखा आवाज होता. चाचा खुर्चीवर बसून सरबत पीत होते. पडद्यावरचे नंबर वरखाली होत होते आणि ज्यांचे मागं गेले त्यांच्यापैकी कोणाची तक्रार नव्हती. बाईंनी विचारलं की एखाद्यानं खोटंच दुखणं सांगितलं तर?

पियुषनं तोंड उघडलं, पण उत्तर कहकशाँनं दिलं. "आमच्याकडे खोटं सांगणाऱ्यालाही पुढच्या वेळी त्याच लाइनीत बसावं लागतं, मॅडम. आणि लोक विसरत नाहीत."

बाई हसल्या. संध्याकाळी स्टेजवरून पहिला नंबर पुकारला तो अमरावतीच्या 'नंबर लावा'चा. पियुष उडी मारून उठला, अपेक्षा रडायला लागली, आणि कहकशाँनं शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मिठी मारली. त्या बाईचे गुडघे दुखतात हे तिला आधीच कळलं होतं, म्हणून जरा जपून मारली. अकोल्याला फोन लावला तर कुलसुमबीनं सगळं ऐकून घेतलं आणि नंतर अब्बांना ओरडून सांगितलं की पोरीनं तोंडाच्या जोरावर बक्षीस आणलं. आवाजात जे होतं ते कान पिळणाऱ्या आईचं नव्हतं.

खरी परीक्षा मात्र नंतर झाली. हॉलबाहेर पडता पडता डॉक्टरबाईंनी तिघांना बाजूला घेतलं. आपल्या सगळ्या हॉस्पिटलांत हे सॉफ्टवेअर लावायचं म्हणाल्या. पियुषचे पाय जमिनीवर राहीनात. फक्त एक बदल, बाई म्हणाल्या. ते बटन रुग्णांच्या हातात नको, आमच्या रिसेप्शनकडे द्या. नीट शिस्तीत चालेल.

ज्या दिवसासाठी पियुषनं इतकी वर्षं घासली तो दिवस समोर उभा होता. हो म्हटलं की झालं. त्यानं एकदा बाईंकडं बघितलं, एकदा कहकशाँकडं.

"मॅडम," पियुष म्हणाला, "बटनाचं मी नाही ठरवत. ते हिला विचारा."

कहकशाँनं ओढणी नीट केली.

"बटन लाइनीतल्या माणसाच्याच हातात राहील, मॅडम," ती म्हणाली. "बाकी काय बदलायचं ते सांगा."

बाईंनी जवळची खुर्ची ओढली, बसल्या, आणि बाकीचं सांगायला लागल्या.