पाठमोरा खलनायक

मिशी चिकटवायच्या डिंकाचा वास आला की मला नाशिकमधला आमच्या हौशी नाटकाचा एक प्रयोग आठवतो. मी खलनायक होतो, म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढणारा मुलगा! काय गुरगुरलो होतो म्हणून सांगू! पण बापाची पिशवी भरतानाच माझी मिशी सुटली आणि ती दाबून धरत मी प्रेक्षकांकडे पाठ करून कसाबसा उभा राहिलो. पडदा पडल्यावर सिन्नरकडचे एक आजोबा रंगपटात आले. सगळ्यांना वाटलं, आता हे मला चोपणार. ते हळूच म्हणाले, "पोरा, पिशवी भरताना पाठ फिरवलीस, तवा रडत व्हतास ना?" शेजारी उभ्या असलेल्या नटाला हसू आवरेना. त्याच्यावर डोळे वटारून मी म्हणालो, "हो, आजोबा." ते खुर्चीवर टेकले. "वाटलंच मला. मला वृद्धाश्रमात सोडलं, तवा माझा लेकबी असाच पाठमोरा उभा व्हता. लय वेळ." आता कुठलाही खलनायक करताना मी एकदा तरी प्रेक्षकांकडे पाठ फिरवतो, समोरच्या अंधारात कोण बसलंय, काय सांगावं.