शुद्ध शाकाहारी पाटी

शुद्ध शाकाहारी खाणावळीची पाटी मी माशाच्या तेलात घडवली.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेवटपर्यंत लपवून ठेवलं असतं, पण वास लपत नाही हा धडा मला त्याच पाटीने दिला.

खाणावळ माझ्या आत्याची. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे नागावला राहायला आली होती. घरात तिला कुणी काही बोलत नसे, पण ते न बोलणंही तिला ऐकू येई. मग एक दिवस तिने अलिबागेत, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, पुढे पडवी असलेली लहानशी जागा घेतली आणि माझ्या वडिलांसमोर जाहीर केलं, "अक्षय्यतृतीयेला खाणावळ उघडत्ये. चालली तर माझी मी. नाही चालली तर आहेच पुन्हा तुझी चूल."

चालणं न चालणं एका माणसाच्या हातात होतं. एक निवृत्त शिरस्तेदार. कोर्टातून निवृत्त झाले होते, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. कारकून मंडळी दुपारी कुठे जेवायला बसणार, हे अजून तेच ठरवीत. खाण्यापिण्याच्या बाबतीत कडक. कांद्याकडेही ते संशयित आरोपीसारखे बघत.

"पाटी मी करतो," मी आत्याला म्हटलं. "रंगवलेली नाही. कोरून, अक्षरांत रंग भरून. अलिबागेत कुणाची नसेल अशी."

"साधी केलीस तरी चालेल हो," आत्या म्हणाली. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

पण माझ्या डोक्यात राळ शिरली होती. मी तेव्हा शाळामास्तर. स्वातंत्र्य नवं होतं, नोकरीही नवी. चित्रकलेचा तास माझ्याकडे होता, कारण बाकीच्यांनी तो घ्यायचं नाकारलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खाडीकाठच्या एका मांडवात जाऊन बसत असे. तिथे एक मिस्त्री होड्या बांधी. राळ म्हणजे झाडाचा डिंकच, पिवळे खडे. मिस्त्री ते कुटून तेलात घाली आणि मंद आचेवर ठेवी. हळूहळू मधासारखा दाट रस होई. तो फळ्यांच्या सांध्यांत ओतला की गार होऊन असा घट्ट बसे की पाण्याचा थेंब आत शिरायला नको. आणि काय चकाकी! मी एक वाळलेला ओघळ सोलून उन्हाकडे धरला, तर आत मुंगी अडकलेली, पाय न् पाय दिसत होता.

"मिस्त्री, ह्यात रंग घातला तर काय होईल?"

"काय व्हायचंय? रंगीत राळ व्हईल."

एवढं उत्तर मला पुरे होतं. करवंट्या गोळा करून मी प्रयोग मांडले. हिंगूळ घातला, तर असा लाल उतरला की बघतच राहावं. कपड्याची नीळ घातली, तर हिरवा! मी चकित. मग कळलं, राळ मुळात पिवळी, त्यात निळा गेला की दुसरं काय होणार? चित्रकलेच्या मास्तरला हे आधी माहीत असायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मिस्त्रीही तेच म्हणाला. खडूची पूड घातली, तर आंबलेल्या दह्याचा रंग आला. तो सोडून दिला.

फणसाची फळी घेतली. पटाशीने अक्षरं कोरली, ओळीखाली एक वेल काढली. अक्षरं लाल, वेल हिरवी. गरम राळ बारीक वळणांत नीट उतरेना, म्हणून मी तेल वाढवलं. मग कशी सुरेख धावली! "शुद्ध" हा शब्द मी सगळ्यांत खोल कोरला होता, म्हणजे लांबून ठसठशीत दिसावा. तिथे राळही सगळ्यांत जास्त गेली.

मी मिस्त्रीला सगळं विचारलं होतं. राळ कुठून येते, आच किती, बुडबुडे का येतात. तेल कसलं, एवढंच विचारलं नाही. डब्यात होतं, घेतलं. ते होतं मुशीच्या काळजाचं. मुशी म्हणजे मोठा मासा, आणि किनाऱ्यावर होडीच्या लाकडाला तेच तेल लावतात. त्या मांडवात लाकडाला, दोरांना, माणसांना, सगळ्यांना तोच वास, त्यामुळे माझ्या नाकाने केव्हाच काम सोडलं होतं.

मिस्त्रीने एकदा विचारलं होतं, "कुनाच्या होडीला, मास्तर?"

"आत्याच्या," मी थट्टेने म्हटलं.

"बरं हाय. ऊन लागू दे, खारं पानी लागू दे, पाटी हलायची न्हाय."

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या संध्याकाळी पाटी गोणपाटात गुंडाळून अलिबागेत नेली आणि पडवीच्या तोंडाशी ठोकली. गार वारा सुटला होता, वर झेंडूचा हार, खाली उदबत्त्या. आत्या लांब उभी राहून बघत राहिली. "छान झाली रे," म्हणाली. मला तिच्याकडून हे ऐकायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं.

शिरस्तेदार दुपारी आले, मागे चारपाच कारकून. पडवीपुढे थांबून त्यांनी पाटी मोठ्याने वाचली. "शुद्ध शाकाहारी. वा." मग नाक वर केलं.

"बाई, आत काय शिजतंय?"

"वालाची उसळ आहे, कैरीचं सार आहे, आमरस..."

"आणखी?"

"आणखी भात."

"भाताला असा वास येत नाही, बाई." त्यांनी उपरणं नाकाशी धरलं. "उद्या पुन्हा येऊन बघतो. उद्याही असंच असेल तर मग राम राम." ते वळले, तसे मागचेही वळले. आत्या हातात पळी घेऊन उभीच. पानं मांडलेली, त्यांवर माशा.

शोधाचं नेतृत्व अर्थात मी घेतलं. मोरी धुतली. माळ्यावर मेलेला उंदीर शोधला, तो सापडला नाही. मग मला गल्लीच्या तोंडाशी बसणारी कोळीण दिसली. मी तरातरा गेलो.

"बाई, जरा लांब बसा. तुमच्या वासाने गिऱ्हाईक परत गेलं आमचं."

"माज्या वासानं?" तिने रिकामी टोपली माझ्यापुढे उपडी केली. "सकालीच इकून मोकली झाले मी. बग, बग नीट! नाक हाय का नुसतं शोभेला लावलंय?"

मी परतलो, तर पडवीतल्या बाकावर मांजरं. सगळी वर पाटीकडे टक लावून. खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. एक मांजर खांबावर चढून वेल चाटायला लागलं, तेव्हा त्याला हाकलायला मी स्टुलावर चढलो आणि तोल सावरताना माझा अंगठा "शु"मध्ये रुतला. राळ लोण्यासारखी मऊ झाली होती. अंगठा हुंगला, तर काहीच नाही. म्हणून आत्याच्या नाकाखाली धरला.

आत्याने पदर तोंडावर घेतला. "अरे, कशात केलीस ही?"

"राळेत."

"आणि राळ कशात?"

"तेलात."

"कसल्या तेलात?"

"मिस्त्रीच्या डब्यातल्या..." मी म्हटलं, आणि मांडवाच्या आढ्याला वाळत टांगलेल्या मुशा माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली. हळूच म्हणाली, "उद्या जेवले नाहीत ते, तर मी सामान बांधते." मग उठून पदर खोचला.

पाटी उतरवली. खांब, बाक, उंबरा, सगळं चिंचेच्या पाण्याने आणि राखेने घासलं. कोळीण गल्लीच्या तोंडाशी बसून मजा बघत होती. "घास, मास्तर, घास! त्यो कोपरा र्‍हायला!"

दुसऱ्या दिवशी शिरस्तेदार आले. पाय धुवायला पाणी घेऊन मी दारातच उभा होतो. ते थबकले. माझ्याकडे बघितलं, आत बघितलं. आत्या चुलीपुढून हलली नाही. मग झपझप पावलं टाकीत ते मला ओलांडून आत गेले आणि पानावर बसले. उसळ मागून घेतली. पुन्हा मागून घेतली. आमरसाची वाटी पुसून खाल्ली.

"बाई," हात धुता धुता ते म्हणाले, "उद्यापासून आमची सगळी मंडळी इथेच."

आत्याने भिंतीला हात टेकला. मी पुढे सरसावलो. "शिरस्तेदारसाहेब, कालचा वास पाटीचा होता, तिचंही बघतोय मी. ह्या वेळी राळ नाही, लाख वापरणार आहे, तिला..."

ते दोन पावलं मागे सरकले आणि आत्याला म्हणाले, "पाटी नसली तरी चालेल, बाई. पण ह्याला दारात उभा करू नका. पाटीपेक्षा जास्त वास ह्याला येतोय."