भाजलेली माती

"आधी बघायचं, मग हात लावायचा," असं म्हणत समोरचे काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. बिघडलेला मिक्सर असो की जिन्यात शिरलेला साप, काका पाच मिनिटं नुसते बघणार. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझा स्वभाव नेमका उलटा, आधी हात, मग डोळे. त्यामुळे ते वाक्य मला रोज ऐकावं लागायचं.

आचोळ्याला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये ते एकटे राहायचे. नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मूळ घर निर्मळ गावी, माडांच्या वाडीत. एकदा त्यांच्याकडून करपल्याचा वास आला म्हणून मी धावत गेले, तर काका गॅसवर कढईत काहीतरी रव्यासारखं परतत होते. काय भाजताय विचारलं, तर म्हणाले, "माती."

नारळाच्या सोडणाचा भुसा मिसळलेली माती. कोणासाठी, तर बायसाठी. त्यांनी खिडकीजवळची काचेची पेटी दाखवली. आत तळहाताएवढी केसाळ कोळीण! मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली.

वाडीत पडलेल्या माडाच्या बुंध्यात ती सापडली होती. गडी कोयत्याने मारणार, तेवढ्यात काकांनी तिला डब्यात घेतली. त्याला सात वर्षं झाली होती म्हणे.

हळूहळू मी सरावले. माती भाजून घेतली तरी तिच्यात अधूनमधून पांढरे बारीक किडे व्हायचेच. बायने अर्धवट टाकलेल्या झुरळांवर ते माजायचे. फवारा मारा की सरळ, असं मी म्हणायचे. पण त्या विषाने आधी बायच जाईल, हे काकांचं उत्तर ठरलेलं. संध्याकाळी मातीवर काकडीची चकती ठेवायची, सकाळी किड्यांनी भरलेली ती चकती चिमट्याने उचलून टाकायची, माती शक्यतो कोरडी ठेवायची. पंधरा-पंधरा दिवस हा उद्योग चाले. लोक नातवंडंसुद्धा इतक्या निगुतीने सांभाळत नाहीत, असं मी चिडवायचे आणि ते नुसते हसायचे.

मग बहिणीच्या ऑपरेशनसाठी त्यांना चार दिवस नाशिकला जावं लागलं. किल्ली माझ्याकडे आली. बाय हल्ली जेवत नाही, तेव्हा फक्त वाटीत पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका, एवढंच सांगून गेले. का जेवत नाही, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी बघते तर बाय उताणी, आठही पाय वर, आणि मातीत पांढरे किडे वळवळताहेत. किड्यांनी हिला संपवलं! काका येऊन हे बघणार, या विचाराने मला रडूच आलं. सांडशीने उचलून मी तिला माझ्या गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. पेटीतली माती त्यांच्याच कढईत भाजली, काचा पुसून लख्ख केल्या. आपण मोठं शहाणपणाचं काम केलं, असंही वाटलं.

काका आले. मी सगळं सांगितलं.

"उताणी होती?"

"हो. पाय वर."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "कात टाकताना ती उताणीच होते, वहिनी."

कुंडी त्यांनी स्वतः उकरली, बोटांनी. जुनी कात कडेने उकललेली होती आणि आतून नवे पाय अर्धे बाहेर आले होते, फिकट, कोवळे. आणखी काही तास मिळाले असते तर ती आपली आपण सुलटी झाली असती. मी जिवंत जीव पुरला होता.

"मी सांगून जायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले.

निर्मळला कायमचे राहायला जाईपर्यंत ते आणखी दोन वर्षं आमच्या समोर होते. माझ्या हातचं जेवायचे, माझा मिक्सरही दुरुस्त करून द्यायचे. पण 'आधी बघायचं, मग हात लावायचा' हे वाक्य त्यांनी मला पुन्हा कधीच ऐकवलं नाही. एकदा तरी ऐकवायला हवं होतं.